मालिनीचा कौल

(रत्नागिरी, १९३४. मे महिन्यातली कलती दुपार. आप्पा मास्तर पडवीत लिहीत बसले आहेत. त्यांची बायको मथुरा दारात उभी आहे.)

मथुरा : मग कधी मारणार तिला?

आप्पा : चहा झाला की.

मथुरा : मग मी चहा टाकतच नाही.

आप्पा : अगं, हट्ट नको करूस. हे शेवटचं प्रकरण आज संपायलाच हवं. शेजारचा बाळा संध्याकाळच्या आगबोटीने मुंबईला चाललाय, त्याच्या हाती द्यायचंय. संपादक तिकडे डोळे लावून बसलेत.

मथुरा : बसू देत. त्यांना काय, त्यांच्या घरात कुणी आजारी नाही.

आप्पा : आपल्याही घरात कुणी आजारी नाही! मालिनी कादंबरीतली आहे, मथुरा. कागदावरची. मीच केलेली.

मथुरा : मला कशाला सांगता? गावाला सांगा. सकाळी बाजारात सोनूबाईने माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणते, ‘वहिनी, लेकीचा ताप कसा आहे?’ मी म्हटलं, कुणाच्या लेकीचा? तर म्हणते, ‘लपवता कशाला, देवळात गाऱ्हाणं झालं की.’ लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि मला मुलगी आहे हे मला आज भाजीवालीकडून कळलं.

आप्पा : गाऱ्हाणं? कसलं गाऱ्हाणं?

मथुरा : केरू गुरवाने घातलंय देवीपुढे. मालिनी बरी व्हावी म्हणून. कौलसुद्धा लावला म्हणे.

आप्पा : कादंबरीतल्या मुलीसाठी कौल?

मथुरा : मग काय तर. लवू देवळात मासिक वाचून दाखवतो ना, तुमच्या शाळेतला शिपाई. गेल्या अंकात मालिनी तापाने फणफणली तिथे तुम्ही ‘अपूर्ण’ लिहून मोकळे झालात. लोकांनी महिनाभर करायचं काय? गेले देवीकडे.

आप्पा : शाबास! मी या गावात बसून विज्ञानावर लिहितोय. धूमकेतूवर लिहिलं, हिवतापावर लिहिलं, खुद्द कौलावर लिहिलं. देवीच्या अंगाला लावलेलं ओलं पान वाळलं की गळतं, त्यात देवीची इच्छा नसते, उन्हाची असते. इतकं सोपं करून सांगितलं. आणि त्याच गावाने माझ्याच नायिकेचा कौल लावला!

मथुरा : लिहिता खरे. पण वाचतं कोण? तो कौलाचा लेख आपल्या गावात दोघांनीच वाचला. तुम्ही आणि मी. आणि मी काही हौसेने वाचला नाही, मला छापखान्यासाठी त्याची प्रत करायची होती.

आप्पा : म्हणून तर मी कादंबरीकडे वळलो! नुसतं शास्त्र कडू लागतं, गोष्टीत कालवून दिलं की घशाखाली उतरतं. मालिनी लग्नघरी गेली, तहान लागली, विहिरीचं पाणी तसंच प्यायली. न उकळता, न गाळता. झाला विषमज्वर. कारण आलं, आता परिणाम यायला हवा. ती मेली की वाचणारा प्रत्येक माणूस पाणी पिताना थबकेल.

मथुरा : थबकलेत सगळे. कधीच थबकलेत. गंगुबाईच्या चुलीवर दिवसभर तपेलं असतं. लाकडं पुरत नाहीत म्हणून नवऱ्याशी भांडण झालं तिचं. देवळाच्या विहिरीवर आता पोरंसुद्धा ओंजळीने पीत नाहीत. का, तर मालिनीला बाधलं.

आप्पा : खरंच?

मथुरा : पाण्यातल्या जंतूंवर तुम्ही आठ पानं लिहिलीत तेव्हा कुणी तपेलं हलवलं नव्हतं. पोरगी आजारी पडली तशी हलवलं. मग आता मारायची कशाला?

आप्पा : कारण ती जगली तर श्रेय कोणाला जाईल? देवीला! गुरव म्हणेल, बघा, कौल दिला आणि पोरगी उठली. म्हणजे माझ्याच कादंबरीने माझ्याच लेखाच्या तोंडात मारायची. नाही, मथुरा. शास्त्र निष्ठुर असतं. तिला मरावंच लागेल.

मथुरा : शास्त्रासाठी?

आप्पा : शास्त्रासाठी.

मथुरा : मग एक विचारते. तुमच्याच त्या जंतूंच्या लेखात लिहिलंय, ‘विषमज्वराचा रोगी नीट शुश्रूषा मिळाल्यास बहुधा बरा होतो.’ ‘बहुधा’वर तुम्ही रेघसुद्धा ओढली होतीत. मीच प्रत केली, म्हणून ध्यानात आहे. मालिनीची शुश्रूषा कशी चाललीय?

आप्पा : उत्तम. डॉक्टर रोज येतात.

मथुरा : मग शास्त्राप्रमाणे ती बरी व्हायला हवी. तिला शास्त्र मारत नाहीये, तुम्ही मारताय. मासिक वाचणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावावा म्हणून.

आप्पा : तसं संपादकांचंही म्हणणं आहे की शेवट करुण असावा.

मथुरा : आलं बाहेर!

आप्पा : अगं, साहित्य म्हणूनसुद्धा काही—

मथुरा : साहित्य तुमचं तुम्ही बघा. मी ही प्रत करणार नाही. आजवर तुमचं प्रत्येक अक्षर मी सुवाच्य करून दिलं. तुमचा तो कोंबडीच्या पायांचा गुंता छापखान्यात कुणालाही लागत नाही. त्या पोरीचं मरण माझ्या हाताने नाही लिहिणार. इतक्या वर्षांनी आपल्याला एक लेक झाली, तीही बाजारात. तिला जरा जगू द्या.

आप्पा : हे तू थट्टेत म्हणालीस का?

मथुरा : अर्धं.

केरू : मास्तर! हायत काय घरात?

मथुरा : घ्या, आला देवीचा माणूस. ये केरू, बस.

केरू : बसत नाय वैनी. हे शहाळं आणलंय. आगरातलं, आताच उतरवलंय. मालनबायला द्या.

आप्पा : केरू, तिला शहाळं कसं देऊ मी?

केरू : का वो? तापात चालत नाय?

आप्पा : चालतं. चांगलंच असतं. पण—

केरू : मंग द्या की.

आप्पा : मथुरा, हसू नकोस. केरू, मला सांग, तू गाऱ्हाण्यात मालिनी माझी मुलगी म्हणून सांगितलंस?

केरू : गाऱ्हाण्याला बापाचं नाव लागतं. कुणाची पोर, कुठल्या गावची, ते सांगितल्याबिगर देवी बगणार कुठं? मी लवूला विचारलं, ही मालनबाय केली कुणी? तो बोल्ला, आप्पा मास्तरांनी. मंग झालं.

आप्पा : अरे, तिचा बाप आहे ना पुस्तकात! सबनीस वकील. चांगला चार प्रकरणं बोलतो.

केरू : तो काय खरा हाय, मास्तर? देवीच्या म्होरं खोटं नाव कसं घेऊ?

मथुरा : बरोबर आहे तुझं, केरू.

आप्पा : तू त्याची बाजू घेऊ नकोस. आणि केरू, मी कौलावर लेख लिहिलाय, ठाऊक आहे ना तुला?

केरू : लवू बोल्ला. बरं वाटलं. आपल्या देवीचं नाव मुंबईपर्यंत गेलं.

आप्पा : हे राम.

केरू : उजवा कौल दिला हो आईने! उजव्या अंगाचं पान असं सुटलं, हात लावायच्या आत. देवळात बायांनी हात जोडले. आता तुमी तेवढं बगा. मालनबाय वाचते ना?

आप्पा : ते मी नाही ठरवत. रोग ठरवतो.

मथुरा : खोटं बोलू नका.

आप्पा : बरं, मी ठरवतो. पण गोष्टीलाही एक धर्म असतो. समज, नाही वाचली. तर काय होईल? दोन दिवस हळहळाल, तिसऱ्या दिवशी विसराल. कागदावरची तर आहे.

केरू : नाय मास्तर. असं नका करू. मी पाया पडतो तुमच्या.

आप्पा : अरे, अरे, उठ! काय हे? एका गोष्टीसाठी?

मथुरा : केरू, थांब. माझ्याकडे बघ. तुझी कमळा बरेच दिवस फुलं घेऊन आली नाही. तूच आणतोस हल्ली. मी विचारणारच होते.

केरू : यील तिला सवड झाली की.

मथुरा : केरू.

केरू : ताप हाय तिला, वैनी.

मथुरा : कधीपासून?

केरू : मुदतीचा हाय. इस्पितळातले डाक्टर बोल्ले. मालनबायला लागला ना, त्याच्या मागनं चार दिवसांत हिला लागला. सारक्याच वयाची. सारकाच ताप. सकाळी थोडा, सांजेला चढ. लवू वाचायचा तर मला वाटायचं, हा माझ्याच घरातलं बोलतोय.

आप्पा : आणि तू कौल मालिनीचा लावलास? कमळेचा नाही?

केरू : लावायला गेल्तो. रोज जातो. पानं भिजवतो, हात वर नेतो आणि तसाच मागं घेतो. दुसऱ्यांची पोरं आजारी पडली तर मी खुशाल लावतो, काय यील ते सांगतो. आपल्या पोरीचं विचारायचं आणि डावं पान पडलं तर? तिची आय नाय, तुमाला ठावं हाय. घरी जाऊन मी तिच्या तोंडाकडं कसा बगू? म्हणून बोल्लो, मालनबायचं विचारूया. एकच ताप. तिचं बरं तर हिचंबी बरं.

मथुरा : आणि आम्ही इथे चहाच्या आधी की नंतर म्हणून वाद घालत बसलोय.

केरू : काय वैनी?

मथुरा : काही नाही. आता कशी आहे ती?

केरू : कालपासनं ताप उतरलाय. उठून बसली. भूक भूक करते. तिची आजी, आमची म्हातारी, खुशीत हाय, बोल्ली आईने कौल दिला तो खरा झाला. नाचणीची भाकरी थापायला बसली. पोरीचं अंग पार वाळलंय, भाकरी खाल्ली की ताकद—

आप्पा : भाकरी? दिली?

केरू : अजून नाय. मी निघालो तवा पीठ मळत होती.

आप्पा : पळ! पळत जा आणि भाकरी बंद कर! अरे, या तापात आतडी आतून सोलवटलेली असतात. ताप उतरला म्हणजे जखम भरली असं नाही. आता घट्ट काही पोटात गेलं तर आतडं फाटेल. डॉक्टर बोलले नाहीत?

केरू : बोल्ले. पेज द्या, दूध द्या, घट्ट काय नको बोल्ले. पण म्हातारी आयकते होय? ती बोलते, डाक्टराचं शास्त्र डाक्टराजवळ. पोर तापानं नाय मेली ती उपाशी मरंल.

आप्पा : मी सांगितलंय म्हणून सांग.

केरू : तुमचं नाव तर काढूच नये. तुमी देवीच्या उलट लिवता, हे तिला कुणीतरी सांगितलंय.

मथुरा : तो एकच लेख पोचला मेला, तो नेमका तिथे!

आप्पा : मग करायचं काय? हे बघ केरू, ही थट्टा नाही. पोरगी हातची जाईल.

केरू : मास्तर... मालनबायला काय दिलं?

आप्पा : काय?

केरू : तिचा ताप उतरला की नाय? तुमच्याजवळ पुढचं हाय ना लिवलेलं? तिला काय खायला घातलं? म्हातारी मालनबायचं आयकते. तिच्यासाठी सोमवार धरलाय तिनं. मालनबायनं भाकरी नाय खाल्ली तर म्हातारी आमच्या कमळेलाबी नाय देणार.

आप्पा : मालिनीने...

मथुरा : वाचून दाखवा ना. हे काय, समोरच आहे प्रकरण.

आप्पा : हो. आहे. थांब, चष्मा... हां. ‘मालिनीचा ज्वर उतरला होता. तिने क्षीण डोळे उघडले आणि म्हटले, भूक लागली, भाकरी द्या.’

केरू : अगदी असंच बोल्ली कमळा!

आप्पा : ‘आईचे अंतःकरण भरून आले. तिने भाकरीची चतकोर उचलली. पण तेवढ्यात डॉक्टर—’

केरू : डाक्टराचं नको. म्हातारी नाय आयकायची. आजी नाय काय गोष्टीत?

आप्पा : आजी? आजी... आहे तर. आजीच सगळ्यांत शहाणी आहे.

केरू : मागल्या अंकात नव्हती.

आप्पा : राजापूरहून आली. कालच.

मथुरा : बोटीने आली हो. मला माहीत आहे.

आप्पा : ‘तेवढ्यात आजीने सुनेचा हात धरला. ती म्हणाली, अगं, मी असले ताप पुष्कळ पाहिलेत. ताप गेला तरी पोट अजून कच्चं असतं. भाकरी पोरीच्या जिवावर उठेल. मी स्वतः तिला पेजेचं पाणी पाजते. आणि आजीने आपल्या हातांनी भाकरी उचलून बाजूला ठेवली.’

केरू : स्वताच्या हातानं?

आप्पा : स्वतःच्या हाताने. ‘मालिनी रडली. म्हणाली, आजी, तू दुष्ट आहेस. पण आजी बधली नाही. सकाळ-संध्याकाळ पेजेचं पाणी, मधे दूध, उकळलेलं पाणी. डॉक्टर मान हलवीपर्यंत भाताचं शीतसुद्धा नाही. आणि रात्री पोर झोपली की आजी एकटी रडायची.’

केरू : हां. हे तिला पटेल. रडते ती. मला दाखवत नाय. पण मास्तर, म्हातारी विचारंल, आजी पोरीला उपाशी ठेवते, हे देवीला चाललं काय?

आप्पा : देवीला? थांब हं, बघतो.

मथुरा : वाचा की. पुढच्या ओळीत आहे ना?

आप्पा : आहे. ‘आजीने... आजीने देवीला विचारलं होतं. देवीनेच तसं सांगितलं होतं.’

केरू : मंग प्रश्नच मिटला! जातो मी.

मथुरा : केरू, हे शहाळं परत घेऊन जा. कमळेला पाज. मालिनीने पाठवलंय म्हणून सांग.

केरू : आणि तिला?

मथुरा : तिच्यासाठी आहे आमच्याकडे. जा तू, पळ. पीठ मळून झालं असेल.

आप्पा : आणि केरू, लवूला म्हणावं तुझ्या घरी जाऊन बस. आजी काही विचारायला लागली तर तो इकडे धावत येईल. मी... मी पुढचं वाचून दाखवीन.

केरू : व्हय, मास्तर.

मथुरा : गेला. आडवाटेने गेला, आगरातून. लवकर पोचेल.

आप्पा : पोचेल ना?

मथुरा : पोचेल. त्याची म्हातारी भाकरी हळू थापते. दाखवा बघू ते पान.

आप्पा : कशाला?

मथुरा : दाखवा. ‘मालिनीचे डोळे मिटत चालले. दूर कोठेतरी समईची ज्योत फडफडू लागली.’ आजी कुठे दिसत नाही ती यात.

आप्पा : फाड ते.

मथुरा : समईसुद्धा?

आप्पा : समई आधी फाड. दौत इकडे सरकव आणि बस माझ्यासमोर. मी सांगतो, तू लिही. म्हणजे प्रत निराळी करायला नको. केरू ऐकून गेलाय तेच शब्द आले पाहिजेत. एक जरी फिरला तरी म्हातारी पकडेल.

मथुरा : देवीने सांगितलं, तेही लिहायचं?

आप्पा : लिही.

मथुरा : छापून येणार हो. तुमच्या नावावर. कौलावर लेख लिहिणारे आप्पा मास्तर.

आप्पा : येऊ दे. लोक हसतील तर हसू देत. पुढच्या अंकात मी त्यावर शास्त्रीय खुलासा देईन.

मथुरा : तो आपण दोघे वाचू.

आप्पा : आगबोटीचा भोंगा झाला का गं?

मथुरा : मघाशीच झाला. तुम्ही आजीला राजापूरहून आणत होतात तेव्हा. बाळा वाट बघून गेला असेल, बोटीवर नेणाऱ्या पडावात बसून.

आप्पा : जाऊ दे. संपादक कळवतील, अंक रखडला म्हणून. आणि शेवट करुण नाही म्हणून.

मथुरा : त्यांना सांगा, लेखक घाबरला.

आप्पा : घाबरलो तर आहेच. मथुरा, मी मालिनीला मरणाच्या दारापर्यंत आणली, हात एकदाही मागे घेतला नाही. आता एक ओळ लिहवत नाही.

मथुरा : दिसतंय मला. म्हणून तर लिहायला मी बसलेय. सांगा.

आप्पा : ‘मालिनीचा ज्वर उतरला होता.’ लिहिलंस?

मथुरा : लिहिलं.

आप्पा : केरू काय म्हणाला, पान कुठल्या अंगाचं सुटलं?

मथुरा : उजव्या.

आप्पा : नाही, आपलं विचारलं. ऊन तिकडून येतं देवळात. उजवीकडचं आधी वाळणार, त्यात काही विशेष नाही. ‘तिने क्षीण डोळे उघडले...’

मथुरा : ‘...डोळे उघडले.’ पुढे?

आप्पा : ‘...आणि म्हटले, भूक लागली, भाकरी द्या.’ उजव्याच ना? नक्की?

मथुरा : उजव्याच हो. आजीला येऊ द्या आता.